कोरी पुस्तकं

मुलुंड
९ ऑगस्ट १९८६

सौ. प्रेमास,

पुस्तकांची पेटी काल बोटीने निघाली. मॉरिशसला पोचायला दोन महिने लागतील असं एजंटने सांगितलं. प्राचार्यांच्या सहीचं पत्र आणि यादी तुझ्या वाचनालयाच्या पत्त्यावर वेगळी येईल. हे पत्र माझं आहे.

तुझी विनंती एप्रिलमध्ये कॉलेजात आली ती प्राचार्यांच्या नावाने. एका खोलीचं बालवाचनालय, मुलं घरी क्रिओल बोलतात आणि शाळेत मराठी शिकतात, पण शाळेबाहेर वाचायला मराठी काही नाही, असं तू लिहिलं होतंस. राष्ट्रीय सेवा योजनेचं काम गेली पाच वर्षं माझ्याकडे असल्यामुळे सरांनी तो कागद माझ्याकडे सरकवला. खालची सही वाचायच्या आधीच मी अक्षर ओळखलं. तुझ्या ओळी अजून उजवीकडे चढत जातात. 'ही माझी धाकटी बहीण' असं सरांना सांगता आलं असतं. 'करू या, सर,' एवढंच मी म्हणाले. का, ते त्या दिवशी डायरीत लिहायला बसले आणि वाक्य अर्धं सोडलं.

आमचे तेवीस विद्यार्थी दर रविवारी सकाळी मुलुंड, घाटकोपर आणि विक्रोळीच्या वसाहतींत घरोघर फिरले. कुणी दहावीचे अपेक्षित प्रश्नसंच दिले, एका आजोबांनी रेल्वेचं जुनं वेळापत्रक दिलं आणि तेही तिकडच्या मुलांनी वाचावं असा आग्रह धरला. मीरा नावाची दुसऱ्या वर्षाची मुलगी या सगळ्यांची पुढारी आहे. ती मला म्हणाली, "मॅडम, लोक आपल्याला रद्दीवाले समजतात. घाटकोपरला एका काकूंनी तर आधी तराजू दाखवायला सांगितला."

तीनशे बारा पुस्तकं पाठवली आहेत. चरित्रं, बोधकथा, विज्ञानाची ओळख करून देणारी पुस्तकं. एकाही पुस्तकावर डाग, रेघ किंवा कुणाचं नाव नाही. परदेशी जाणाऱ्या वस्तूत कुणाला उणं काढायला जागा नको.

अप्पा गेले तेव्हा मी तुला चार ओळी लिहिल्या होत्या आणि तू तीन ओळींचं उत्तर दिलं होतंस. त्यानंतरचं हे पहिलंच पत्र. तुझ्या नोंदणी लग्नाला साक्षीदार म्हणून सही करायचं मी कबूल केलं होतं आणि त्या दिवशी तापाने घरी राहिले, हे तेव्हाच कळवलं होतं. त्यावर पुन्हा लिहीत नाही.

भाऊरावांना नमस्कार.

मालन


मुलुंड
२ नोव्हेंबर १९८६

प्रेमास,

तुझं पत्र मिळालं. आठच ओळी आहेत, म्हणून त्या पुनःपुन्हा वाचता आल्या.

'पुस्तकं फार स्वच्छ आहेत,' असं तू लिहितेस. 'मुलं ती हातात घेतात आणि परत ठेवतात. पहिल्या शनिवारी पंचवीस मुलं आली होती, आता नऊ येतात.' वाचनालयाची ती खोली तिथल्या मराठी मंडळाची आहे आणि मंडळाला ती लग्नाची भांडी ठेवायला हवी आहे, हे मला माहीत नव्हतं. एकतीस जानेवारीला सेक्रेटरी येऊन मुलं मोजणार, आणि चाळीस नसली तर खोली जाणार, हेही नव्हतं. विनंतीच्या पत्रात तू यातलं काही लिहिलं नव्हतंस. लिहिलं असतंस तर मी अधिक काळजी घेतली असती. नाही, हे खरं नाही. काळजी मी पुष्कळ घेतली होती.

तू विचारतेस, ही पुस्तकं कुणी निवडली? विद्यार्थ्यांनी निवडली. मुलंच ती, त्यांना अनुभव नाही. जी पुस्तकं फाटकी होती, ज्यांच्यावर मुलांनी चित्रं रंगवली होती, ती बाजूला काढली गेली. ती आता आमच्याकडे नाहीत.

दुसरी पेटी गोळा करायला सांगते. पण बोटीने ती जानेवारीच्या आत पोचायची नाही. काय करता येईल ते पाहते.

मालन


मुलुंड
६ नोव्हेंबर १९८६

प्रेमा,

आधीचं पत्र टाकून चार दिवस झाले. ते परत मागता येत असतं तर पोस्टात जाऊन मागितलं असतं.

पुस्तकं विद्यार्थ्यांनी निवडली नाहीत. मी निवडली.

जुलैच्या एका दुपारी कॉलेजच्या जिमखान्याच्या खोलीत सगळी पुस्तकं जमिनीवर मांडली होती. मी एकेक उचलून पाहत होते. कोरं ते डावीकडे, फाटकं ते उजवीकडे. उजवीकडचा ढीग मोठा होत चालला तशी मीरा अस्वस्थ झाली.

"मॅडम, हे का नको?"

"पाठ निघाली आहे. आणि हे बघ, राक्षसाला मिश्या काढल्यात."

"म्हणजे वाचलंय ना कुणीतरी. ती डावीकडची बघा. शाळेत बक्षीस मिळाली आणि कपाटात गेली. कुणी हातसुद्धा लावलेला नाही. आपण काय तिकडे नापास झालेली पुस्तकं पाठवायची?"

मुलं हसली. मी नाही हसले. 'आपल्या देशाची शोभा होईल असं काही जाता कामा नये,' असं काहीतरी मी बोलले, आणि उजवीकडची दोन पोती भरून रद्दीत द्यायला सांगितली. मीरा बरोबर बोलते आहे हे मला तेव्हाच कळलं होतं का? डायरीत तो प्रसंग नाही. ज्या दिवशी माझं चुकतं त्या दिवशी मी सहसा हवापाण्याबद्दल लिहिते, असं आता मागची पानं चाळताना दिसतं.

एका दिवसाची नोंद मात्र तशी नाही. २२ मे १९७४. 'अंगात ताप नाही. अप्पांना ताप आहे म्हणून सांगितलं, आणि प्रेमालाही तेच लिहून पाठवलं.'

मला त्या दिवशी ताप नव्हता, प्रेमा. अप्पांनीही अडवलं नव्हतं. ते आदल्या दिवशी म्हणाले होते, "जायचं तर जा. मी बघितलं नाही असं समजेन." गिरणीत तीस वर्षं काढलेल्या माणसाने एवढं म्हणणं म्हणजे जवळजवळ होकारच होता. मी साडी नेसून तयार बसले होते. कॉलेजात नुकती कायम झाले होते. त्या कागदावर माझं नाव दिसेल, कुणीतरी विचारेल, मग सांगावं लागेल की मुलगा कोण, कुठला. भाऊराव बौद्ध नसते तर मी गेले असते का, हा प्रश्न मी बारा वर्षं स्वतःला विचारायचं टाळलं. गेले असते. पहिल्या गाडीने गेले असते.

हे पत्र तुला त्रास द्यायला लिहीत नाही, आणि माफ कर असंही लिहीत नाही. चार दिवसांपूर्वी माझ्या विद्यार्थ्यांच्या नावावर मी जे लिहिलं ते लिहिताना हात जराही अडखळला नाही, त्याची मला भीती वाटली.

ती पोती कोणत्या रद्दीवाल्याकडे गेली, ते उद्या मीराला विचारते.

ताई


मुलुंड
१४ डिसेंबर १९८६

प्रेमा,

तुझं उत्तर नाही. अपेक्षाही करत नाही. पण पुस्तकांचं काय झालं ते तुला कळायला हवं.

पोती रद्दीत गेलीच नव्हती. मी विचारल्यावर मीरा म्हणाली, "मॅडम, दिली नाहीत. आमच्या चाळीत नेली. रागवायचं असेल तर आत्ता रागवा, मला नंतर प्रॅक्टिकल आहे."

मी रागावले नाही. पेटी ज्या वाचनालयात गेली ते माझ्या बहिणीचं आहे, हे तिला सांगितलं. तिने विचारलं, "सख्खी बहीण?" मग म्हणाली, "मग असली पुस्तकं का पाठवलीत तिला? काय वैर होतं का?" त्याच दिवशी प्राचार्यांनाही सांगितलं, बहिणीचं आणि पेटीचंही. ते म्हणाले, पेटीचा अहवाल विद्यापीठाकडे गेला आहे, कौतुकाचं पत्रही आलं आहे. मी म्हटलं, अहवालात दुरुस्ती पाठवते. त्यांना ते आवडलं नाही, पण पाठवली.

नोव्हेंबरातल्याच एका रविवारी मीराबरोबर विक्रोळीला गेले. बैठी चाळ, मागे खाडीकडची झाडं. मीराच्या घरासमोरच्या ओट्यावर पोरं त्या पुस्तकांना चिकटून बसली होती. एक पुस्तक तिघांत, आणि पान कुणी उलटायचं यावरून भांडण. मीराची आई शकुबाई एका कारखान्याच्या कँटीनमध्ये स्वयंपाक करतात. मी कशाला आले ते ऐकून त्या म्हणाल्या, "आधी नको म्हणून टाकायची, मग पोरांनी हात लावल्यावर परत मागायची. बाई, तुम्ही शिकवता ना कॉलेजात?"

"शिकवते."

"काय शिकवता?"

"तर्कशास्त्र."

"ते काय असतं?"

मीराने सांगितलं, "आई, बरोबर काय आणि चूक काय ते ओळखायचं शास्त्र." शकुबाई हसू लागल्या आणि त्यांनी मला आत बोलावलं. पाण्याचा तांब्या पुढे आला. मी पाणी प्यायले. आणि आपण इथे पाणी पितो आहोत, ही गोष्ट माझ्या ध्यानात आली. प्रेमा, मी पाणी नाकारलं नाही, त्यात मला काही वावगंही वाटलं नाही. पण ते ध्यानात आलं. तहान लागलेल्या माणसाच्या ते ध्यानात येत नाही. भाऊराव आपल्या घरी दोनदा आले होते, तेव्हा त्यांना चहा मीच दिला होता, आणि माझ्या चेहऱ्यावर असं काही त्यांना दिसलं असेल का, याचा विचार मी परतताना सबंध रस्ताभर केला.

पोरांना मी खरं ते सांगितलं. समुद्रापलीकडे एक वाचनालय आहे, तिथे चुकीची पुस्तकं पाठवली, मुलं येत नाहीत, आणि मुलं आली नाहीत तर खोली बंद होईल. जया नावाची नऊ वर्षांची मुलगी त्यांच्या वतीने बोलत होती.

"फुकट नाही द्यायची. ती पोरं आम्हाला काय देणार?"

"त्यांच्याकडे ऊस पुष्कळ आहे."

"इथपर्यंत वाळून जाईल."

"समुद्र आहे."

"तो आमच्याकडं पण आहे, त्या झाडांच्या मागं. वास येतो."

शेवटी ठरलं की ज्याने जे पुस्तक दिलं त्याला तिकडच्या वाचणाऱ्याने पत्र लिहायचं. म्हणून पुस्तकांत नावं लिहायची, खोलीच्या नंबरासकट. पोरांनी आठवडाभराची मुदत मागितली, वाचायची राहिली होती ती संपवायला. एक मगरीचं पुस्तक जयाने दिलं नाही. मी मागितलंही नाही.

पुढचे दोन रविवार जिमखान्याच्या खोलीत आमचे विद्यार्थी आणि ही पोरं मिळून दुरुस्ती करत होती. गव्हाच्या पिठाची खळ, जुन्या मलमलीच्या पट्ट्या. मी मिश्या खोडायला रबर घेतलं होतं, ते मीराने माझ्या हातातून काढून घेतलं. ज्यांचं शेवटचं पान नव्हतं त्यांत पोरांनी आपल्या हाताने शेवट लिहून चिकटवले. एका गोष्टीच्या शेवटावर दोघांचं पटेना, तेव्हा दोन्ही चिकटवले. मी आधी नको म्हणणार होते.

आता पोचवण्याचं. मुंबईत डॉक्टरी शिकणारा तुमच्या बेटावरचा मार्तंड नावाचा मुलगा नाताळच्या सुट्टीला विमानाने घरी जातो आहे. वीस किलोची मर्यादा. त्याने बहिणीसाठी घेतलेला प्रेशर कुकर आमच्याकडे ठेवला आणि सगळी जागा पुस्तकांना दिली. कव्हरं गेलेली असल्याने पुस्तकं हलकी झाली आहेत. त्र्याऐंशी बसली. तो एकोणीस तारखेला निघेल आणि तुझ्या दारापर्यंत आणून देईल. कुकर मी मागून बोटीने पाठवीन.

चाळीस मुलं येतील की नाही, मला माहीत नाही. तुझ्याशिवाय दुसऱ्या कुणासाठी मी पुन्हा विक्रोळीला गेले असते का, तेही माहीत नाही.

ताई


मुलुंड
१ मार्च १९८७

प्रेमा,

तुझं पत्र सोमवारी आलं. मुलांची सोळा पत्रं मीराकडे दिली. चाळीत ती मोठ्याने वाचली गेली. जयाला पत्र नव्हतं, कारण तिने पुस्तकच दिलं नव्हतं. ती दुसऱ्या दिवशी मगरीचं पुस्तक घेऊन थेट कॉलेजात आली आणि शिपायाला म्हणाली, हे बोटीत टाकायचं आहे.

छत्तीस मुलं. चाळीसला चार कमी. सेक्रेटरींचा नातू फाटक्या पुस्तकावरून उठेना, आजोबांना तासभर थांबावं लागलं, आणि त्या तासात बसल्या बसल्या त्यांनीही एक पुस्तक उचललं, हे वाचून मी एकटीच हसले. जूनपर्यंत खोली मिळाली. जूननंतरचं जूनला पाहू. मीरा म्हणते, "मॅडम, तोपर्यंत अजून दोन पोती." मी आता निवड करत नाही. चाळीतली पोरं करतात. ज्याच्यावरून भांडण होतं ते पाठवायचं, असा त्यांचा नियम आहे.

पत्राच्या शेवटी तू जे लिहिलंस ते इथे उतरवते, म्हणजे मी ते वाचलं हे तुला कळेल. 'ताप नव्हता हे मला त्याच दिवशी कळलं होतं. तुला ताप आला की तू झोपतेस. त्या दिवशीची तुझी चिठ्ठी अडीच पानांची होती. तीन साक्षीदार लागतात, दोनच होते. तिसरी सही बाहेरच्या चहावाल्याने केली. धोंडिराम त्याचं नाव. आम्ही त्याला दर वर्षी पत्र पाठवतो.'

मी काल वांद्र्याला गेले होते. कशासाठी जाते आहे हे निघताना स्वतःला सांगता आलं नाही. नोंदणी कार्यालयाच्या फाटकाबाहेर तो अजून आहे. केस पांढरे झालेत. मी चहा मागितला आणि तुझं नाव सांगितलं.

"मॉरिशसवाल्या? तुम्ही कोण त्यांच्या?"

"थोरली बहीण."

ग्लास विसळता विसळता त्याने मान वर केली. "ताप आलेल्या?"

"ताप नव्हता," मी म्हणाले.

"असं." त्याने ग्लास पुसला. "तास-दीड तास थांबल्या होत्या त्या. साहेब म्हणत होता, दुसरा कुणीतरी आणा, ऑफिस बंद व्हायची वेळ झाली. त्या म्हणत होत्या, ताई येईल. मग तुमची चिठ्ठी आली. नवरामुलगा इथं माझ्याकडं येऊन तीनदा चहा प्यायला. तिसऱ्यांदा त्यानंच विचारलं, सही येते का. मी म्हटलं, सही येते, पण तुमचं लग्न मोडलं तर मला पकडू नका."

त्याने चहा पुढे केला.

"वाईट वाटून घेऊ नका. तुम्ही आला असता तर माझी कुठली ओळख त्यांची? दर वर्षी पत्र येतं. हे लायब्ररीचं पण लिहिलं होतं. चालली का?"

"जूनपर्यंत चालेल."

"चालेल पुढं. आणि पोरगी केवढी झाली आता?"

"कुणाची?"

"त्यांचीच. जानकी."

प्रेमा, आईचं नाव मी त्या माणसाच्या तोंडून ऐकलं आणि ते कुणा जिवंत मुलीचं आहे हे समजायला मला थोडा वेळ लागला.

"तुम्हाला माहीत नव्हतं?" त्याने विचारलं.

"नाही."

तो ओशाळला. मग म्हणाला, "परवाच्या वर्षी फोटो आला होता. पुढचे दोन दात पडलेले. हसतीय. घरी आहे, कुर्ल्याला. आणून ठेवीन, परत याल तेव्हा बघा."

मी येईन म्हणाले. पुढच्या शनिवारी जाणार आहे.

तू मला तिच्याबद्दल लिहिलं नाहीस, त्यात तुझं काही चुकलं नाही. जी माणसं त्या दिवशी आली त्यांना तू कळवलंस. तुझ्या पत्रांत मुलांबद्दल इतकं असताना एका मुलीबद्दल काहीच नव्हतं, हे मला एकदाही जाणवलं नाही, आणि ते मी आज डायरीत लिहून ठेवलं आहे. फोटो तू पाठवावास असं मी म्हणणार नाही. धोंडिरामकडचा पाहीन. तुला वाटेल तेव्हा, वाटलं तर, तू लिही.

एकच विचारते, आणि त्याचंही उत्तर द्यायलाच हवं असं नाही. एकतीस जानेवारीला ती छत्तीस मुलं मोजली, त्यांत जानकी होती का?

तुझी
ताई